लिलावाआधीची यादी

प्रो कबड्डीचा लिलाव तोंडावर आला की अवसरी बुद्रुकच्या पारावर याद्या सुरू होतात. कोण कोटीत जाणार, पुणेरी पलटण कुणाला सोडणार, यू मुंबा कुणाला उचलणार आणि सगळ्यांत शेवटी, जरा आवाज खाली घेऊन, ‘आपल्याकडचं कुणी लागतंय का?’ पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं छातीठोकपणे दिली जातात. चौथा मात्र नशिबावर सोडला जातो. खरं तर चौथ्याचाही अंदाज बांधता येतो. टीव्हीवर पाहून तो बांधता येत नाही, एवढीच अडचण आहे.

कशाकडे बघायचं, कुठं बघायचं आणि कशाला भुलायचं नाही, एवढंच या लेखात सांगायचं आहे. ज्यांना लिलावाआधी अंदाज लढवायची हौस आहे त्यांना तो उपयोगी पडेल. ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारा, संध्याकाळी मातीत लोळून येणारा पोरगा आहे, त्यांना जास्त उपयोगी पडेल. दोघांचं गणित एकच आहे. फक्त एकाची चहाची पैज लागलेली असते आणि दुसऱ्याची चार-पाच वर्षं.

मुळातला मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपण यादी करतो ती ‘चांगला कोण’ याची. संघ यादी करतो ती ‘आपल्याकडे काय कमी आहे’ याची. या दोन याद्या क्वचितच जुळतात आणि अंदाज चुकतात ते इथंच.

अमेरिकेत हा अंदाजाचा खेळ फार मोठा आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये (आपला पायानं खेळायचा नव्हे, त्यांचा अंडाकृती चेंडूचा) कॉलेजातले खेळाडू थेट व्यावसायिक संघांत निवडले जातात. दरवर्षी एप्रिलमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीनं नावं घेतात आणि आदल्या हंगामात सगळ्यांत मागे राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. १९३६पासून हे चालू आहे. निवडीच्या आधी खेळाडूंना एकत्र बोलावून त्यांची धाव, उडी, उंची, हाताची लांबी मोजतात. महिनोन् महिने जाणकार मंडळी अंदाजाच्या याद्या छापत असतात. एवढं मोजूनही २००० साली टॉम ब्रॅडी नावाचा पोरगा १९९व्या क्रमांकापर्यंत कुणाला दिसला नाही आणि पुढं त्यानं सात वेळा अजिंक्यपद मिळवलं. तेव्हा आपला अंदाज चुकला तर मनाला लावून घेऊ नका.

आपल्याकडे सरळ निवड नाही, लिलाव आहे. पण कॉलेजच्या पोरांसाठी एक दार हळूहळू उघडलं आहे. २०२२च्या नवव्या हंगामापासून ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत कबड्डीत पहिल्या दोन आलेल्या संघांचे मिळून २४ खेळाडू लिलावाच्या यादीत घेतले जाऊ लागले. अमेरिकेच्या पद्धतीशी आपलं सगळ्यांत जवळचं नातं ते हेच. त्या दाराशी पोचायचा रस्ता मंचरवरूनही जातो. त्याकडे नंतर येऊ. आधी पैसा.

पाच कोटींचं गणित

अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला पाच कोटी रुपये मिळत आले आहेत. संघात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू. लिलावात चार गट आणि त्यांच्या पायाभूत किमती ठरलेल्या: ए गट ३० लाख, बी २० लाख, सी १३ लाख, डी ९ लाख. संघानं आधीच राखून ठेवलेल्या खेळाडूंचे पैसे याच पाच कोटींतून वजा होतात.

आता कागद घ्या. २०२५च्या लिलावात गुजरात जायंट्सनं इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला २ कोटी २३ लाखांना घेतलं. बंगाल वॉरियर्सनं देवांक दलालला २ कोटी साडेवीस लाखांना. पाच कोटींतले सव्वादोन कोटी एका माणसावर गेले की उरले पावणेतीन. त्यात किमान सतरा माणसं बसवायची. आणखी एकावर कोटभर लागले तर सोळा जणांसाठी पावणेदोन कोटी, म्हणजे सरासरी अकरा लाखांच्या आत. याचा अर्थ असा, की मोठ्या नावावर हात सैल सोडणारा संघ मागच्या बाजूला स्वस्त आणि तरुण पोरं घेतोच घेतो, त्याला दुसरा इलाज नसतो. तुमच्या ओळखीतल्या पोराचा नंबर लागायचा असेल तर तो अशाच संघात. लिलावाच्या पहिल्या दिवशी कोटींचे आकडे ऐकून टाळ्या वाजवताना कुणाची थैली रिकामी होत चालली आहे ते बाजूला लिहीत जा. दुसऱ्या दिवशीचा निम्मा अंदाज त्यातून निघतो.

दुसरा कागद राखून ठेवलेल्यांचा. तो लिलावाच्या आधीच जाहीर होतो आणि आपल्याकडे तो कुणी नीट वाचत नाही. २०२४च्या हंगामाआधी बारा संघांनी मिळून ८८ खेळाडू राखले: २२ अव्वल, २६ राखीव तरुण आणि ४० जुन्या करारावरचे नवोदित. २०२५मध्ये ८३ राखले, त्यांतले ३५ पुन्हा नवोदितच. म्हणजे संघ ज्यांना सोडत नाहीत त्यांत सगळ्यांत मोठा गट तरुणांचा आहे. तरुण पोरगा एकदा आत गेला की दोन-तीन हंगाम तिथंच घडवला जातो. त्यामुळे एखाद्या संघानं लेफ्ट कॉर्नरला दोन तरुण राखलेले असतील, तर त्या संघाच्या नावापुढं तिसरा लेफ्ट कॉर्नर लिहू नका, तो कितीही चांगला असो.

लिलावात आणखी एक फिरकी असते. आपल्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्यानं लावलेली शेवटची बोली तेवढ्याच पैशांत आपल्याकडे वळवायचा हक्क संघाला मिळतो. २०२१ला तेलुगू टायटन्सनं सिद्धार्थ देसाईला असंच परत घेतलं, १ कोटी ३० लाखांना. म्हणून ‘सोडला म्हणजे नको झाला’ असं समजू नका. पुष्कळदा ‘सोडला म्हणजे भाव बघायचा होता’ एवढंच असतं.

मागचं वर्ष विकत मिळत नाही

पारावरची यादी सहसा मागच्या हंगामाच्या गुणांवर बनते. या बाबतीत प्रदीप नरवालची कहाणी डोळ्यांसमोर ठेवावी. स्पर्धेच्या इतिहासात चढाईचे सर्वाधिक, १८००हून जास्त गुण त्याच्या नावावर. २०२१ला यूपी योद्धानं त्याला १ कोटी ६५ लाख दिले, तेव्हा तो विक्रम होता. २०२४ला बंगळूरु बुल्सकडे तो ७० लाखांना गेला. २०२५ला त्याच्यावर कुणी बोलीच लावली नाही आणि त्यानं निवृत्ती जाहीर केली. मोनू गोयत २०१८ला १ कोटी ५१ लाखांचा, पुढच्याच वर्षी ९३ लाखांचा. संघ कर्तृत्वाचं बक्षीस देत नाही, येत्या चार महिन्यांची मजुरी मोजतो. गुडघा कसा आहे, वय काय, दोन हंगामांत चढायांचा वेग उतरला का, हे ते बघतात.

उलट बाजूनं सिद्धार्थ देसाई बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हुंदळेवाडीचा पोरगा, भौतिकशास्त्राचा पदवीधर. २०१८ला यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं तेव्हा टीव्हीवरच्या प्रेक्षकांना नाव ठाऊक नव्हतं. कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या मैदानांवर मात्र त्याला ओळखत होते. एका हंगामात त्यानं दोनशेच्या वर गुण काढले आणि पुढच्या वर्षी १ कोटी ४५ लाखांवर गेला. ज्याला पहिल्या वर्षीचा अंदाज बांधायचा होता त्यानं स्थानिक स्पर्धांना जायला हवं होतं, दुसऱ्या वर्षीचा अंदाज काय, कुणीही बांधला असता.

त्याच २०१८च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्रानं सेनादलाला हरवून वरिष्ठ गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं, अकरा वर्षांनी. कर्णधार रिशांक देवाडिगा. काही महिन्यांत लिलावात त्याला १ कोटी ११ लाख मिळाले. राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल आणि लिलावाची तारीख यांच्यात अंतर कमी असेल, तर त्या स्पर्धेला जास्त वजन द्या. प्रशिक्षक आणि संघाची माणसं तिथं बसलेली असतात आणि माणसाच्या डोळ्यांत ताजं पाहिलेलं राहतं.

आता आपल्या जिल्ह्याच्या संघाकडे. पुणेरी पलटण १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली. शादलुईला त्यांनी २ कोटी ३५ लाख मोजले होते हे सगळ्यांना आठवतं. पण कर्णधार होता नगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार, आणि त्याच्या बरोबरीनं मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते. सगळे तरुण. अस्लम आणि आकाश त्याच्या आधी काही महिने हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात होते. एका इराण्यावर मोठा खर्च आणि बाकीची बांधणी आपल्याच तरुणांवर, हा पलटणीचा डाव होता. तो यशस्वी झाला म्हटल्यावर बाकीचे संघही त्या वाटेनं जाणार हे उघड आहे. म्हणून येत्या लिलावांसाठी माझं मत असं, की यादीत तरुण नावं जास्त धरा आणि तिशी ओलांडलेल्या बचावपटूंवर पैज लावू नका.

पैजेवरून आठवलं. ती चहापुरतीच ठेवा. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आणली आहे. तरी कुणी मोबाइलवर लिंक पाठवत असेल तर ती उघडू नका.

दार कुठलं?

पोरगा चांगला असणं आणि तो लिलावाच्या यादीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. यादीतच नाव नसेल तर कुणी पुकारणार कसं? म्हणून अंदाज बांधताना पहिला प्रश्न हा: हा पोरगा कुठल्या दारानं आत जाणार?

एक दार संघटनेचं. मंडळाकडून जिल्हा अजिंक्यपद, तिथून पुणे जिल्ह्याच्या संघात निवड, मग महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनची राज्य स्पर्धा, तिथून महाराष्ट्राचा संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा. किशोर, कुमार आणि वरिष्ठ असे गट. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्याचं नाव संघांपर्यंत आपोआप पोचतं. राज्य स्पर्धेतल्या चांगल्या खेळाडूचं पोचतंच असं नाही.

दुसरं दार कॉलेजचं. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय, घोडेगावचं बी. डी. काळे, जुन्नरचं शिवछत्रपती, अवसरी खुर्दचं शासकीय अभियांत्रिकी, ही सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून ग्रामीण विभागाचा संघ, मग आंतरविभागीय स्पर्धा, आणि तिथून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ. तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, पुढं अखिल भारतीय, आणि तिथं वरच्या क्रमांकात आला तर ‘खेलो इंडिया’. लांबलचक चाळणी आहे. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. इथं संघाचं नशीब आणि खेळाडूचं नशीब बांधलेलं आहे. पहिल्या दोन संघांतला राखीव खेळाडूसुद्धा त्या २४ जणांत येतो आणि तिसऱ्या आलेल्या विद्यापीठाचा सगळ्यांत भारी चढाईपटू बाहेर राहतो. कॉलेज निवडताना म्हणूनच ‘घराजवळ कुठलं’ याबरोबर ‘मागच्या तीन वर्षांत विद्यापीठाच्या संघात कुठल्या कॉलेजची पोरं होती’ हेही विचारा. क्रीडा संचालकांना विचारलं की ते सांगतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तिसरं दार संघांच्या स्वतःच्या तरुण फळीचं: युवा पलटण, युवा मुंबा वगैरे. हे संघ २०२२पासून सुरू झालेल्या युवा कबड्डी मालिकेच्या स्पर्धांत खेळतात. त्यांचे सामने मोबाइलवर बघायला मिळतात आणि अंदाज लढवणाऱ्यासाठी त्याहून चांगली शाळा नाही. गावाकडच्या मैदानावर चमकणारा पोरगा जेव्हा अशा संघात चार महिने राहून येतो, तेव्हा त्याचं नाव यादीत पेन्सिलीनं नाही, पेनानं लिहा.

मुलींच्या बाबतीत सरळ सांगायला हवं. २०१६ला तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली, पण तशी दरवर्षी होणारी कायमची लीग मुलींना अजून मिळालेली नाही. पुण्याची स्नेहल शिंदे आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आली ती संघटनेच्या वाटेनं. तुमच्या घरात खेळणारी मुलगी असेल तर लिलावाची वाट बघू नका. विद्यापीठ, राज्य संघ, रेल्वे आणि पोलीस, हाच क्रम ठेवा.

वही

आता मैदानावर चला. गावजत्रेतले सामने, मंचर-नारायणगावकडच्या दिवस-रात्र स्पर्धा, कॉलेजच्या विभागीय स्पर्धा. लोक आरडाओरडा करतात तिकडे बघू नका. एक वही घ्या आणि एका सामन्यात एकाच खेळाडूवर डोळा ठेवा. दोघांवर ठेवलात की दोघेही हातातून जातात.

चढाईपटू असेल तर प्रत्येक चढाईसाठी एक खूण करा. रिकामी आली तर शून्य. बोनस असेल तर ‘ब’. कुणाला शिवून आला तर ‘ग’. पकडला गेला तर फुली. प्रत्येक खुणेपुढं समोर किती बचावपटू होते तो आकडा. आणि तिसरी चढाई असेल, म्हणजे संघाच्या आधीच्या दोन रिकाम्या गेल्यामुळे आता गुण आणला नाही तर बाद, तर खुणेखाली रेघ.

समजा दोन पोरांची पानं तुमच्यासमोर आहेत. दोघांचेही आठ गुण. पहिल्याच्या वीस चढाया, पाच ‘ब’, तीन ‘ग’, दहा शून्यं, दोन फुल्या. रेघा तीन, आणि दोन्ही फुल्या रेघेवर. दुसऱ्याच्या चौदा चढाया, एक ‘ब’, सात ‘ग’, तीन शून्यं, तीन फुल्या. रेघा चार, त्यांतल्या तीन ठिकाणी ‘ग’. गावात बक्षीस बहुधा पहिल्याला मिळेल, कारण तो सतत आत जाताना दिसतो आणि बोनसला लोक ओरडतात. पण बोनस समोर सहा-सात जण असतानाच मिळतो. पाच उरले की पहिल्याचं दुकान बंद. दुसरा पोरगा चार-पाच जणांत शिरून माणूस घेऊन येतो, तिसऱ्या चढाईला जबाबदारी पेलतो. मला विचाराल तर व्यावसायिक संघ दुसऱ्याला उचलेल, फुली एक जास्त असली तरी.

पायाकडे बघा. निदान रेषा ओलांडताना पहिलं पाऊल कुठलं, परत फिरताना वजन कुठल्या पायावर. एकाच बाजूनं शिरणारा आणि एकाच कोपऱ्यावर हात टाकणारा पोरगा गावात चालतो, कारण समोरच्यांनी त्याला पाहिलेलं नसतं. लीगमध्ये प्रत्येक चढाईचं चित्रण विरोधी प्रशिक्षकाकडे असतं आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत त्याचा कोपरा ओळखीचा होतो.

बचावपटूची वही वेगळी. त्याच्या यशस्वी पकडी सगळेच मोजतात, तुम्ही अयशस्वी मोजा. घाईघाईत झेप घेतली आणि चढाईपटू निसटला, तर गुण जातो आणि खेळाडूही बाहेर बसतो. घोटा धरायला कोण आधी वाकतं आणि कोण नुसतं मागून येऊन ढिगात पडतं, हे वेगळं लिहा. मग तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना काय करतो ते बघा. अव्वल पकडीचे दोन गुण असतात. त्या वेळी ज्याचे पाय थरथरत नाहीत तो संघाला हवा असतो. कव्हरला खेळणारा पोरगा कोपऱ्याच्या पकडीला किती लवकर पोचतो, हे तर टीव्हीवर जवळजवळ दिसतच नाही. ते मैदानाच्या कडेला उभं राहूनच दिसतं.

आणि ज्याला कोपरा आणि कव्हर दोन्ही जमतं, किंवा जो चढाई करतो आणि पकडीतही उभा राहतो, अशा पोरापुढं एक चांदणी काढून ठेवा. अठरा जणांत संघ बसवायचा तर एका पगारात दोन कामं करणारा माणूस प्रत्येकाला हवा असतो.

माती आणि मॅटचा फरक विसरू नका. मातीवर पाय रुततो, मॅटवर बूट घालून वेगानं वळावं लागतं, घसरण्याचा आणि गुडघ्याचा हिशोब वेगळा. मातीवरचा राजा मॅटवर पहिले सहा महिने चाचपडतो, हे दर वर्षी कुठं ना कुठं दिसतं. पोराला मॅटवर किती सामने मिळाले आहेत, ते विचारून घ्या आणि नावापुढं लिहा. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या जाणकारांच्या लक्षात येणार नाही: उसात बिबट्या. दिवेलागणीनंतर पोरं एकटीदुकटी मैदानावर जात-येत नाहीत, सराव लवकर आटोपतो. ज्या गावात दिवे असलेलं बंदिस्त मैदान आहे तिथली पोरं दोन पावलं पुढं असणार, यात नवल नाही.

शेवटी वजन. वरिष्ठ गटात वजनाची मर्यादा आहे आणि तिच्या जवळ असलेला, पण वेग न गमावलेला बचावपटू संघांना आवडतो. चढाईपटूला तसं भारी असायची गरज नाही. मात्र हे वजन भाकरी-दूध-अंड्यांनी आणि व्यायामानं वाढलेलं हवं. जिममध्ये कुणीतरी दिलेल्या पावडरीनं नव्हे. उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीत सापडलेल्या पोराचं नाव कुठल्याच यादीत राहत नाही, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथं चालत नाही. सर्दीचं औषधसुद्धा डॉक्टरला विचारून घ्यायची सवय लावा.

घरच्यांसाठी थोडं

पहिली गोष्ट कागदांची. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, सगळीकडे तारीख एकच असू द्या. वयोगटाच्या खेळात एका तारखेच्या घोळानं संधी जाते. खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण लिलाव लागला नाही तरी राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि तिथं हीच कागदपत्रं तपासली जातात.

दुसरी गोष्ट पैशाची. ‘अमुक रक्कम भरा, तुमच्या मुलाला अमुक संघाच्या निवड चाचणीत बसवतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. संघ पोरांना पैसे देतो, पोरांकडून घेत नाही. खरी चाचणी असेल तर संघाच्या अधिकृत पानावर किंवा जिल्हा संघटनेकडे तिची सूचना असते. एक फोन करून खातरी करता येते.

तिसरी, आणि ही ऐकायला कुणाला आवडत नाही. लिलावाच्या यादीत पाचशेच्या आसपास नावं असतात. बारा संघांनी जास्तीत जास्त पंचवीस धरले तरी तीनशे होतात, आणि त्यांतले ऐंशीवर आधीच राखलेले. परदेशी वेगळे. म्हणजे यादीत नाव आलेल्यांतलेही पुष्कळ रिकाम्या हातानं घरी जातात. पदवी पुरी करायला लावा. सिद्धार्थनं केली, त्यानं त्याची चढाई काही मंद झाली नाही.

अंदाज लढवणाऱ्यांना एक सोय आपल्याकडे आहे जी सगळ्यांना नाही. म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल. २०२४च्या हंगामाचा शेवटचा टप्पा तिथंच झाला आणि २९ डिसेंबरला अंतिम सामन्यात हरियाणानं पाटण्याला ३२-२३ असं हरवलं तेही तिथंच. पुण्यात सामने असतील तेव्हा एकदा तरी जा. चाकणची कोंडी धरून किती वाजता निघायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. पण सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा आणि सराव बघा. राखीव खेळाडू तिथं कसे पळतात, प्रशिक्षक कुणाला हाताला धरून शिकवतोय, हे पडद्यावर येत नाही. पुढच्या वर्षी संघ ज्यांना राखणार ते बहुधा तेच असतात.

आणि पारावर यादी करायला बसाल तेव्हा प्रत्येक नावापुढं तीन रकाने काढा: कुठल्या दारानं, कुठल्या जागेसाठी, कुठल्या संघाकडे. तिन्ही रकाने भरता आले तरच नाव ठेवा, एक जरी रिकामा राहिला तरी खोडा. कॉलेजच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची वेळापत्रकं पहिल्या सत्रातच लागतात. आवटे कॉलेजच्या क्रीडा विभागात जाऊन तारखा उतरवून घ्या आणि त्या दिवशी वही घेऊन मैदानावर या.